झाकली मूठ शंभर कोटींची

पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातल्या बातम्या वाचताना एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? चोरी झाली की चोराचं नाव, वय, राहणार कुठला, सगळं छापून येतं. भांडण झालं की दोन्ही बाजूंची नावं येतात. पण कारखान्यात कुणाचा हात यंत्रात गेला, कॅन्टीनच्या जेवणातून विषबाधा झाली, ओढ्यात रंगीत पाणी सोडलं, की बातमीत हटकून एक ओळ दिसते, ‘परिसरातील एका नामांकित कंपनीत’. नामांकित म्हणजे जिचं नाव आहे ती. आणि नेमकं तेच नाव बातमीत नसतं!

सगळ्याच बातम्या अशा असतात असं मी म्हणणार नाही. मोठी दुर्घटना झाली की नाव येतंच. पण रोजच्या लहानसहान बातम्यांत ते गाळलं जातं. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. स्थानिक साप्ताहिकात तीन ओळींची बातमी आली. तिचं नाव होतं, वय होतं, वस्तीचं नावसुद्धा होतं. कंपनीचं नाव तेवढं नव्हतं. ती म्हणाली, “ताई, बोटं माझी गेली आणि नाव पण माझंच आलं.”

नाव का गाळतात? जाहिराती जातील ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी, अब्रुनुकसानीच्या दाव्याची. आज या दुसऱ्या भीतीविषयी बोलू या.

‘बदनामी’ हा शब्द आपल्याला नवा नाही. सासरी मारहाण होते हे बाहेर सांगितलं की घराण्याची बदनामी. कामाच्या ठिकाणी साहेब नको तसं वागतो हे बोललं की आपलीच बदनामी. हात उचलणाऱ्यामुळे घराची अब्रू जात नाही, ती जाते तोंड उघडणारीमुळे, असा हा उफराटा हिशोब. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हेच शिकवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्या कंपन्या वर्तमानपत्रांवर जे दावे लावतात, त्यातले काही वाचताना मला हीच शिकवण आठवते. फक्त मूठ सव्वा लाखाची नसते, शंभर कोटींची असते.

आधी कायदा थोडा समजून घेऊ. बदनामी झाली असं वाटलं तर दोन वाटा आहेत. एक दिवाणी, म्हणजे नुकसानभरपाई मागायची. दुसरी फौजदारी. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेतली ४९९ आणि ५०० ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. बदनामी हा तुरुंगात पाठवण्यासारखा गुन्हा असावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०१६ मध्ये न्यायालयाने ते कलम घटनेला धरून आहे असं ठरवलं. आणि हो, अब्रू फक्त माणसालाच असते असं नाही. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

दिवाणी दाव्यातली एक गोष्ट मात्र आपल्यासारख्यांना चकित करते. महाराष्ट्रात कोर्ट फीला वरची मर्यादा आहे. २०१८ साली ती तीन लाखांवरून दहा लाख झाली. म्हणजे एका टप्प्यानंतर तुम्ही दहा कोटी मागा, शंभर कोटी मागा, नाहीतर हजार कोटी, फी तेवढीच. नोटिशीतले ते आकडे वाचून समोरच्याच्या छातीत धडकी भरते, पण आकडा फुगवणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. कंपनीचा वकील कंपनीच्या तिजोरीतून उभा राहतो. चाकणमध्ये चार पानांचं साप्ताहिक चालवणाऱ्या संपादकाला वकील करायचा तर बायकोच्या बांगड्यांकडे बघावं लागतं. तो बिचारा मूग गिळून गप्प बसला तर नवल काय? दावा जिंकायचाच असतो असं नाही. लावला, एवढ्यानेच काम होतं.

पण एका बाईने असा दावा अंगावर घेतला आणि ती गप्प बसली नाही, ती हकीकत सांगते.

सुचेता दलाल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळा बेळगावात, पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून. १९९२ साली हर्षद मेहताचा रोखे घोटाळा ज्यांनी उजेडात आणला त्या पत्रकार. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आणि त्यांचे पती देबाशिष बसू मुंबईतून ‘मनीलाइफ’ हे नियतकालिक चालवतात. २०१५ साली त्यांच्या हाती एक पत्र आलं. नाव न सांगता कुणीतरी ते बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ला लिहिलं होतं आणि त्याची प्रत यांना पाठवली होती. पत्रात राष्ट्रीय शेअर बाजाराविषयी, म्हणजे एनएसईविषयी, गंभीर आरोप होता.

तो आरोप घरगुती भाषेत सांगते. समजा, चाळीत एकच नळ आहे आणि पाणी ठरलेल्या वेळी सुटतं. नियम असा की सगळ्यांनी एकाच वेळी हंडे लावायचे. पण कुणी तरी पाणी सोडणाऱ्याशी संधान बांधून सगळ्यांच्या आधी हंडा लावतो. दोन मिनिटांचाच फरक, पण त्याचे हंडे भरतात आणि शेवटच्या घरात नळ कोरडा. शेअर बाजारात पाण्याच्या जागी भावाची माहिती असते आणि मिनिटांच्या जागी सेकंदाचा बारीकसा तुकडा. दलालांना बाजाराच्या मुख्य संगणकाशेजारी आपले संगणक ठेवायला भाड्याने जागा मिळत असे. तिथे काही दलालांना माहिती इतरांच्या आधी मिळते, असं पत्र सांगत होतं.

कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपण कुठे शेअर घेतो? बायांनो, ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीतला काही पैसा शेअर बाजारातल्या फंडांत गुंतवला जातो. भोसरीत आणि चाकणमध्ये ज्याचा पीएफ कापला जातो, त्याच्या घरातला थोडा घाम त्या बाजारात गेलेला आहे.

दलाल आणि बसू यांनी पत्र हातात आलं म्हणून लगेच छापलं नाही. शेअर बाजाराच्या वरिष्ठांना त्याविषयी प्रश्न पाठवले, उत्तर मागितलं. उत्तर आलं नाही. मग १९ जून २०१५ रोजी लेख प्रसिद्ध झाला. उत्तराला वेळ नसलेल्या एनएसईने दाव्याला मात्र उशीर केला नाही. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात शंभर कोटींचा दावा आला, आणि लेख ताबडतोब काढून टाका अशी मागणीही.

९ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती मागणी फेटाळली. निकालाचा आशय असा. शेअर बाजार ही लोकांच्या पैशाशी खेळणारी सार्वजनिक संस्था आहे, तिला प्रश्न विचारले जाणारच. लेखकांनी छापण्याआधी खुलासा मागितला होता. तेव्हा गप्प राहायचं आणि मग ‘शहानिशा न करता छापलं’ म्हणायचं, हे चालणार नाही. एवढं सांगून न्यायालय थांबलं नाही. पन्नास लाखांचा खर्च एनएसईवर बसवला. त्यातले दीड-दीड लाख दलाल आणि बसू यांना, आणि बाकीचे ४७ लाख टाटा मेमोरियल आणि मसीना या दोन रुग्णालयांना, गरीब रुग्णांच्या उपचारासाठी द्या, असा आदेश दिला.

पुढे काय झालं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये आणि वर व्याज भरायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला, पण पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून शंभर कोटी भरायला सांगितले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने असं म्हटलं की संगनमत झाल्याचा पुरेसा पुरावा नाही. म्हणजे पत्रातला आरोप जसाच्या तसा सिद्ध झाला असं कुणी म्हणू नये. पण चौकशी करण्यासारखं तिथे काही होतं की नव्हतं? तब्बल नऊ वर्षं तपास, सुनावण्या, अपिलं चालली. तो लेख २०१५ मध्येच पुसला गेला असता तर आपल्यापर्यंत यातलं काही आलं असतं का?

दुसरं प्रकरण अलीकडचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेने झी कंपनीविषयी बातमी दिली. कंपनीच्या हिशोबात सुमारे दोन हजार कोटींची गफलत सेबीला आढळली, असं त्यात म्हटलं होतं. झीने ते साफ नाकारलं आणि दिल्लीच्या न्यायालयात गेली. तिथे आठवड्याभरात बातमी काढून टाकण्याचा आदेश झाला. उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. २२ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द करून प्रकरण नव्याने ऐकायला खाली पाठवलं. त्या खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, ज्यांचं मूळ गाव आपल्या खेड तालुक्यातलं कनेरसर. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की खटल्याच्या सुरुवातीलाच, खरं-खोटं तपासण्याआधी, लिखाण काढायला लावणं म्हणजे त्या लिखाणाला फाशी देण्यासारखं आहे. बातमी खरी की खोटी हे न्यायालयाने ठरवलं नाही. ते ठरण्याआधी तोंड बंद करू नका, एवढंच सांगितलं.

लोकांना सार्वजनिक प्रश्नावर बोलण्यापासून रोखायला जे दावे लावले जातात, त्यांना अमेरिकेत ‘स्लॅप’ असं नाव पडलं आहे. शब्दाचा अर्थही थप्पड असाच होतो. असे दावे सुरुवातीलाच निकाली काढता यावेत म्हणून तिथल्या अनेक राज्यांनी कायदे केले. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये नियम केले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. सगळी भिस्त समोर बसलेल्या न्यायाधीशांवर.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती नसती तर मीही सरसकट म्हटलं असतं, बंद करा हे दावे. पण वर्तमानपत्रं, वाहिन्या म्हणजे सगळे संत नव्हेत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा प्रकार तिथेही होतो. तेव्हा पुण्यातच राहत असलेले सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती दिवंगत पी. बी. सावंत यांचं उदाहरण घ्या. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ या वाहिनीवर गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालू होती. त्यात नावाशी नाव जुळतं म्हणून दुसऱ्याच न्यायाधीशाच्या जागी सावंतांचा फोटो दाखवला गेला. काही सेकंदांचाच मामला. पण हयातभर जपलेल्या नावाला काळं फासायला काही सेकंद पुरतात, हे आपल्याला सांगायला नको. चूक लक्षात आणून दिल्यावर फोटो थांबला, पण चूक झाली असं त्याच पडद्यावर वेळेवर सांगितलं गेलं नाही. सावंतांनी पुण्याच्या न्यायालयात दावा केला. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई मंजूर केली. अपील ऐकण्याआधी वीस कोटी रोख आणि ऐंशी कोटींची बँक हमी भरा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं, आणि त्यात हात घालायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. लक्षात घ्या, हे सावंत एकेकाळी प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. पत्रकारांचे शत्रू नव्हते ते.

दोन्हीकडे आकडा शंभर कोटींचाच. फरक कशात आहे? मला तो फार सोपा वाटतो. छापण्याआधी विचारलं होतं का? आणि चुकल्यावर कबूल केलं का? ‘मनीलाइफ’ने आधी विचारलं, समोरचा बोलला नाही. वाहिनीने खातरजमा केली नाही, आणि चुकल्यावर झटकन माफी मागितली नाही. घरातसुद्धा आपण हेच बघतो ना? शेजारणीविषयी कुणी काही सांगितलं तर शहाणी बाई आधी शेजारणीला विचारते, मग बोलते. चुकून बोलून गेलीच तर दार वाजवून ‘चुकलं बाई माझं’ म्हणते. यापलीकडे पत्रकारितेचा धर्म वेगळा काय असणार?

कंपन्यांनाही तोच न्याय लावू या. पत्रकाराने प्रश्न पाठवला तर त्याला उत्तर द्या. बातमी चुकीची असेल तर कागद दाखवा, खुलासा छापायला लावा. तरी ऐकलं नाही तर खुशाल कोर्टात जा, तो तुमचा हक्क आहे. पण प्रश्नाला उत्तर म्हणून थेट शंभर कोटींची नोटीस आली, तर माझ्यासारखीच्या मनात पाल चुकचुकतेच. कर नाही त्याला डर कशाला?

याचं मोल काय असतं हे आपल्या शहराने पाहिलं आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले, मग रुग्णालयातून एकेक वाईट बातमी येत राहिली. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. घरखर्चाला हातभार म्हणून कामाला गेलेल्या. कारखान्याकडे आवश्यक परवानग्या नव्हत्या, हे आगीनंतर छापून आलं. त्या कारखान्याने कुणावर दावा लावला होता असं माझं म्हणणं नाही. पण कारखान्यांविषयी आधी लिहिण्याची, नाव घेऊन लिहिण्याची सवयच जिथे मोडली आहे, तिथे अशी बातमी जळाल्यानंतरच येते.

मग आपण काय करायचं? एक म्हणजे, कायद्यातच काही खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत, त्या माहीत करून घ्यायच्या. खरी आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितलेली गोष्ट म्हणजे बदनामी नव्हे. न्यायालयात जे घडलं त्याचा खरा वृत्तांत म्हणजे बदनामी नव्हे. आणि सगळ्यांत कामाची खिडकी ही, की ज्या अधिकाऱ्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार म्हणजेही बदनामी नव्हे. कामगार कार्यालय, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, इथे लेखी तक्रार करताना घाबरू नका. तारीख, वेळ, काय पाहिलं तेवढंच लिहा. ऐकीव मसाला घालू नका. पोचपावती जपून ठेवा. कारखान्याला दिलेल्या नोटिशीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. तोच कागद पत्रकाराच्या हाती असला तर नाव छापायला त्याला हिंमत येते.

दुसरं, मोबाइलवर आलेला ‘अमुक कंपनीच्या दुधात विष’ असला मजकूर पुढे ढकलू नका. बदनामीचा कायदा संपादकाला लागतो तसा आपल्यालाही लागतो. आणि अशा खोट्या आवया उठल्या की खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दिल्लीत पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी बदनामीचा खटला भरला होता. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवलं आणि सांगितलं, की बाईच्या सन्मानाचा बळी देऊन कुणाची प्रतिष्ठा जपता येणार नाही. ‘बोललीस तर बदनामी होईल’ हे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीने हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईचा सन्मान आणि तिचा जीव, दोन्ही त्यात आले असं मी मानते.

आमच्या गटाने गेल्या महिन्यापासून एक साधी गोष्ट सुरू केली आहे. ‘नामांकित कंपनी’ अशी बातमी दिसली की गटातली एक जण त्या वर्तमानपत्राच्या संपादकांना पोस्टकार्ड टाकते. त्यात दोनच प्रश्न असतात. कंपनी कोणती? आणि तिला विचारलंत तेव्हा ती काय म्हणाली? आजवर सात पत्रं गेली. उत्तर एकाचं आलं. तेही फोनवर, नाव न छापण्याच्या अटीवर! हसू आलं, पण पत्रं थांबवलेली नाहीत. तुमच्या गावातही एमआयडीसी असेल, साखर कारखाना असेल, दूध संघ असेल. पोस्टकार्ड फार महाग नाही. लिहून बघा.